नाटक चोरणारा

“चोर सापडला!” फोन ठेवायच्या आतच मंजुषा ओरडली. “गडचिरोलीले आणलं त्याले. आमदारसाहेबांनी आपल्याले बोलावलं, आत्ताच.”

वडशाच्या त्या अंगणात नाटक कंपनीची तालीम चालली होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नायिका होणारी पुनम तर टाळ्याच पिटायला लागली. कंपनीची मालकीण वच्छलाबाई, म्हणजे मंजुषाची सासू, तेवढी गप्प उठली. आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली.

“आमदारासाठी एवढा थाट?” पुनमनं चिडवलं.

“तुह्यासारखी रंग फासून त नाई ना चालली? सर बाजूले.”

यंदाचं नाटक गुणवंतरावांनी लिहिलेलं. धान घरात आलं की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत गावोगावच्या समित्या अशी नाटकं बोलावतात, त्यावर अख्ख्या कंपनीची चूल पेटते. आणि यंदा कुणीतरी मंडपात बसून पूर्ण नाटक मोबाईलवर टिपलं, खोट्या नावानं यूट्यूबवर सोडून दिलं. बघणाऱ्यांची ही झुंबड! सिंदेवाहीकडच्या समित्या पटापट मागे फिरल्या. “फुकट दिसून राह्यलं, मंग मंडप काऊन घाला?”

चोर तरी कसला, नुसता अडाणी. पुनमचा नाच रंगात आलेला, आणि ह्याचा कॅमेरा कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या नाटकातल्या म्हातारीवर. ती म्हातारी वच्छलाबाईच करायची. मारामारी सुरू झाली, तरी कॅमेरा म्हातारीवरच.

“मोबाईल धराचीबी अक्कल नाई मेल्याले,” मंजुषा कडाडायची.

पण वच्छलाबाई रोज दुपारी तोच व्हिडिओ लावायला सांगायची.

“आई, काऊन जीव जाळून घेता?”

“चोराची चाल पाहून राह्यली. तू लाव मुकाट्यानं.”

गुणवंतराव एकदा हळहळून बोलून गेले, “थोरला निकेश असता, त चोराची गचांडी धरून इथी आणला असता.”

“त्याचं नाव नोको काढू माह्यासमोर,” वच्छलाबाई फणकारली. निकेश हा तिचा थोरला मुलगा, मंजुषाचा जेठ. मंजुषाच्या लग्नाआधीच तो आईशी कडाक्याचं भांडून निघून गेला होता. घरात त्याचा फोटोसुद्धा ठेवला नव्हता. सगळा कारभार धाकट्या रोशनवर, मंजुषाच्या नवऱ्यावर, पडला होता.

मग आमदार वडशाला आले, तेव्हा वच्छलाबाईनं त्यांची गाडीच अडवली.

“अधिवेशनात मांडतो, बाई,” आमदार म्हणाले. “कलावंतांसाठी कडक कायदा आणू.”

“कायदा तुम्ही बसून करा, भाऊ. तो झाडीपट्टीत पोचेस्तोवर आमच्या पडद्याले वाळवी लागते. मले माणूस पायजे.”

“मग आधी तो व्हिडिओ तरी काढायला लावतो.”

“हात नोका लावू! बिळावर गोटा ठेवला त साप दुसरीकून निघते. आधी माणूस धरा, मंग काय काढाचं ते काढा.”

सगळ्यांना ते पटलं. एवढी बिनशिकली बाई, पण डोकं पाहा, असं आमदारही म्हणाले. सायबरवाल्यांच्या मागे त्यांनी तगादा लावला, आणि तो आज फळाला आला.

रोशन पुढचा प्रयोग ठरवायला मार्कंड्याला गेलेला, म्हणून सासूसून दोघीच एस.टी.नं निघाल्या. वाटेतच बातमी आली, व्हिडिओ उतरवला. पाठोपाठ सिंदेवाहीच्या समितीचाही फोन आला, नाटक ठरलं म्हणून. मंजुषाला वाटलं, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला. “आई, सुटलो आपण!” ती म्हणाली. सासू खिडकीबाहेर पाहत होती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. राग अजून धुमसतोय, मंजुषाला वाटलं.

कार्यालयात आमदार खुशीत होते. भिंतीशी एक जण खाली मान घालून उभा होता, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. अंगावरच्या सदऱ्यावर सिमेंटचे डाग.

“सिरोंच्याच्या पलीकडे बांधकामावर असतो,” शिपायानं सांगितलं. “म्हणतो, कमाईसाठी नाही टाकलं. सोबतच्या मजुरांना पाहायचं होतं म्हणून टाकलं. ह्याचं नाव—”

“नाव राहू दे,” वच्छलाबाई म्हणाली. “तोंड दाखव.”

“बाई, तक्रारीवर तेवढी सही करून ठेवा,” आमदारांनी कागद पुढे सरकवला. “शिक्षा झाली की सभागृहात ह्याचंच उदाहरण देतो. कायदा व्हायलाच पाहिजे!”

“करा, आई,” मंजुषा पुढे झाली. “चांगली अद्दल घडू द्या त्याले. लोकायच्या पोटावर पाय देते!”

वच्छलाबाईनं कागदाकडे पाहिलंही नाही. ती भिंतीपाशी गेली. दुपट्टा तिनं स्वतःच्या हातानं खाली ओढला. दाढी वाढलेला, उन्हानं रापलेला चेहरा. त्यानं डोळे मिटून घेतले.

खाडकन आवाज झाला. शिपाई दचकला. त्या माणसाच्या गालावर बोटं उमटली.

“शाब्बास!” आमदार म्हणाले. “ह्याला म्हणतात कलावंताचा राग!”

मंजुषाला तर गार गार वाटलं. आता पोलिसांनी ह्याला उचलावं आणि आपण घरी जाऊन पोटभर जेवावं, एवढंच तिच्या मनात होतं. ती हसून त्या चोराच्या थेट तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

“मंजुषा, मांगं हो,” सासू तिच्यावर खेकसली, पण आवाज पार फाटून गेला होता. “जेठासमोर अशी उघड्या डोक्यानं उभी राह्यते का? पदर घे.”