पांढऱ्या पट्टीवरचे मासे

नदी आटली तसं सगळं गाव टोपल्या घेऊन हसत खाली पळालं. दगडांवर मासे तडफडत होते, नुसते उचलायचे!

शाळेच्या ओब्दुलियाबाई तेवढ्या वर चौकात राहिल्या. कठड्यावरून त्यांना पात्रात उतरलेली आपली लेक नेलिदा दिसत होती. ओल्या पांढऱ्या दगडांवर रुपेरी मासे. हे चित्र कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटलं. त्या वळल्या. पालिकेच्या दारावर गावाचं मानचिन्ह होतं: दगडी ढाल, खाली पांढरी पट्टी, तिच्यावर तीन मासे, वर घंटा.

"काय बाई, पाय भरतील म्हणून उतरला नाहीत?" चर्चचा घंटेवाला आपारिसिओ जाता जाता हसला. त्याच्याही हातात टोपली होती.

"आपारिसिओ, ढालीवर मासे आहेत. पाणी कुठाय?"

"पाणी कशाला? तुम्हीच शिकवलंत की आम्हाला. मासे म्हणजे सुबत्ता, पांढरं म्हणजे शांती, घंटा म्हणजे देवाचे आभार. पाठ न केल्याबद्दल छड्या खाल्ल्यात मी!"

"ती शांती नाही रे. ते दगड आहेत. कोरडी नदी आहे ती." बाईंनी खिंडीकडे पाहिलं. "पहाटे वर खिंडीत काय गडगडलं?"

"दरड असेल..." आपारिसिओचं हसू मावळलं. नदी आटली नव्हती. वर अडली होती, तुंबत होती. त्याने ढालीवरच्या घंटेकडे पाहिलं, टोपली टाकली आणि मनोऱ्याकडे धूम ठोकली.

बाई कठड्यावर ओणवून ओरडल्या, "नेलिदा! वर ये! सगळे वर या!" इतक्या खाली आवाज कुठला पोचायला! पोरीने उलट एक मोठा मासा उंच धरून दाखवला.

तेवढ्यात घंटा घणघणू लागली. पात्रातली माणसं थबकली. सगळ्यांनी वर पाहिलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. नेलिदाने मासा दगडावर ठेवून हात जोडले. मग एकेक करत सगळे पात्रातच गुडघ्यांवर बसले, बाईंनी वर्गात बसवलं होतं अगदी तसेच.

खिंडीत पुन्हा गडगडलं. आपारिसिओ जीव खाऊन घंटा बडवत होता, आणि खाली सगळं गाव डोळे मिटून आभार मानत होतं.