एका फटक्याचा उंदीर

“घाला घाव, काका!” सुजय म्हणाला आणि उदयसिंहांनी फासा असा फेकला की तो टेबलावरून उडून थेट मटारच्या परातीत पडला.

भानुमतीबाईंनी तो दाण्यांतून शोधून काढला, पदराला पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. मग त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

दिल्ली छावणीतल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात जानेवारीचं ऊन आलं होतं. सुजय त्यांच्या मुलीला, अक्षयाला, मागणी घालायला आला होता. दोघांची ओळख याच खेळात झाली हे ऐकल्यावर सुभेदार मेजर उदयसिंह म्हणाले होते, “मग आधी खेळ दाखवा. रविवारचा दिवस माणूस कशात घालवतो, ते कळलं पाहिजे.” म्हणजे ही परीक्षाच होती. सुजय सकाळपासून घामाघूम होता, तोही थंडीत.

खेळ तसा सोपा. सुजय गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि वाटेत भेटणाऱ्या राक्षसांना फासे टाकून मारतात. कोण किती मार खाऊन मरेल, त्याचे पॉइंट सुजय ठरवतो आणि प्रत्येकाच्या कार्डावर लिहून ठेवतो. त्याचा नियम एकच: जेवढं अंग, तेवढा दम. डोंगरासुराला एकशे वीस पॉइंट, गुहेतल्या उंदराला एक. मानेसरच्या कारखान्यात तो गाड्यांचे सुटे भाग मोडेपर्यंत दाबून बघायचा. तिथे जाड तुकडा उशिरा मोडतो हे त्याला रोज दिसायचं. मूर्ती लहान पण कीर्ती महान ही म्हण त्याच्या कानावर कधी पडली नसावी. बिचारा फरीदाबादेत वाढलेला.

हाच नियम लावून त्यानं हे घरही मापलं होतं. उदयसिंह सव्वासहा फूट, मिशा वेगळ्या. त्यांनी ‘चहा’ म्हटलं की शेजारच्या क्वार्टरातसुद्धा आधण चढायचं. भानुमतीबाई जेमतेम त्यांच्या कोपराला लागायच्या आणि अक्षया आईवर गेलेली. तेव्हा महिनाभर सुजयनं जी तयारी केली, ती फक्त उदयसिंहांची. खेळात त्यांना तलवार दिली, ढाल दिली, वर पांढरा घोडा दिला. भानुमतीबाईंना मशाल दिली.

“तुम्ही नुसता उजेड धरा, काकू. मारामारीत पडू नका.”

अक्षयानं टेबलाखालून त्याला लाथ मारली. “सॉरी,” म्हणून त्यानं पाय आखडून घेतले.

“हा उंदीर एका फटक्यात का मरतो हो?” भानुमतीबाईंनी मध्येच विचारलं.

“लहान आहे ना, काकू.”

“असं होय,” त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

“दोन वर्षं सांगतेय मी याला, आई. हा नियम बकवास आहे,” अक्षया म्हणाली.

“बघू ना यार, नंतर. काका, तुमची पाळी!”

वीस बाजूंच्या त्या फाशावर थेट वीस पडले आणि डोंगरासुर कोसळला. उदयसिंह खुर्ची पाडून उठले. त्यांनी सुजयला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा वाकडा झाला. “शाब्बास! मुलगा बिल्कुल पसंत. माझ्याकडून हो!”

सुजयला एकदम हलकं वाटलं. एवढा मोठा गड पहिल्याच चढाईत सर झाला होता. तो पाया पडायला वाकला, तेव्हा उदयसिंहांनी दिवसभरात पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

“माझं हो म्हणजे नुसती शिफारस असते बरं का. हुकूम तिकडून निघतो. मी सरहद्दीवर असायचो आणि ही एकटी पोरीला घेऊन या छावणीतून त्या छावणीत बिऱ्हाड हलवायची. पोरीला टायफॉइड झाला, तर ती बरी झाल्यावर मला कळवलं. आधी कळवलं असतं तर मी मोडलो असतो, हे हिला ठाऊक होतं.”

सुजय वाकलेलाच राहिला. मटार सोलायचा आवाज थांबला होता.

“आमची अक्षया माझ्याएवढीच आहे,” भानुमतीबाई म्हणाल्या. “तुमच्या घरी तिच्या हातात काय देणार? मशाल?”

पगार, फ्लॅट, पत्रिका, सगळ्याची उत्तरं सुजय पाठ करून आला होता. हा प्रश्न त्या यादीत नव्हता. त्याला भीती वाटली आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. अक्षया त्याच्याकडे बघत होती. या वेळी टेबलाखालून लाथ आली नाही.

त्यानं उंदराचं कार्ड पुढे ओढलं आणि त्यावरचा एकचा आकडा खोडला.

“काकू, किती लिहू?”

“मला काय विचारता?”

सुजय अक्षयाकडे वळला. नियमाबद्दल तिला विचारायची ही त्याची पहिलीच वेळ. “तू सांग. किती?”

“डोंगरासुरापेक्षा एक जास्त,” अक्षया म्हणाली. तिचं उत्तर कधीचं तयार होतं.

“चुकलंच माझं,” असं पुटपुटत त्यानं एकशे एकवीस लिहिले. उदयसिंहांनी पडलेली खुर्ची मुकाट्यानं उभी केली आणि बायकोकडे बघत राहिले.

भानुमतीबाईंनी परात बाजूला सारली, हात झटकले आणि फासा उचलला.

“पुन्हा पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या. “आणि या वेळी मशाल तुम्ही धरा, जावईबापू.”