चित्रफितीचं उत्तर
प्रतिस्पर्धी जयवंत तांदळे लाच घेतानाची चित्रफीत मालनताईंच्या निवडणूक प्रचारसभेत पडद्यावर झळकली. लोकांनी सवयीनं त्या चित्रफितीलाच विचारलं, "तुला कुणी बनवलं?"

अलीकडे कुठल्याही चित्रफितीला या प्रश्नाचं खोटं उत्तर देता येत नसे.

"मालन हिंगमिरे यांच्या प्रचार कार्यालयानं," ती म्हणाली.

मालनताईंनी चमकून शेजारी बसलेल्या भावाकडे पाहिलं. विलासनं मान खाली घातली. "ताई, यंत्र बिघडलंय म्हण," तो कुजबुजला.

मालनताई तडक माईकपाशी गेल्या. "तांदळ्यांनी लाच घेतलेली नाही. हा खोटेपणा माझ्या भावानं केलाय, आणि तो आजपासून माझ्या प्रचारात नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "आता नळाच्या पाण्याबद्दल बोलू."

विलास व्यासपीठावरून उतरून गेला. सभा मात्र जागची हलली नाही.