झेंडूखालचा दिवा

क्रूसांवर आत्मादर्शक दिवे बसवल्यापासून मृतांच्या दिवशी दफनभूमीत सगळी गर्दी पांढऱ्या दिव्यांपाशीच व्हायची. पांढरा दिवा म्हणजे माणूस स्वर्गात पोचला. जांभळा म्हणजे तो अजून शुद्धिस्थानात पापं झिजवतोय. जांभळ्या दिव्यांकडे घरचेसुद्धा लाजेने फिरकत नसत.

बस्त्यावने यंदा वडिलांचा दिवा झेंडूच्या हारांखाली झाकून टाकला होता. त्याची आई फिलोमिना आली आणि तिने एकेक हार उपसून बाजूला ठेवला. जांभळा उजेड तिच्या तोंडावर पडला.

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत की!" जपमाळ काढून तिने मातीत गुडघे टेकले. "त्यांना दिसलंच नाही, तर तुझ्या बाबांच्या सुटकेसाठी प्रार्थना कोण करणार? चल, टेक गुडघे."