मान टाकली की मगच

"रोज नाही हं. तिनं मान टाकली की मगच पाणी. आणि ही कळी पूर्ण उघडली की मला न्यायला या. त्याआधी दारात दिसलात तर आल्या पावली परत पाठवीन."

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना बायको एवढं बजावून गेली होती. आता तिची पीस लिली कुंडीच्या काठावर पानं टेकून पडली होती. म्हाताऱ्या घड्याळजींनी सकाळपासून दोनदा तांब्या रिकामा केला, तरी मान वर येईना.

सुनेनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि मातीत बोट खुपसलं. बोट चिखलानं माखून बाहेर आलं.

"बाबा, ही तहानलेली नाही. बुडालीय."

"मान टाकली की पाणी, असंच सांगून गेली ना ती?"

"पाणी जास्त झालं तरीही मान टाकते. आपलं नाही का, उपाशी राहिलो तरी आडवे आणि जास्त जेवलो तरी आडवे."

तिनं कुंडी उचलून खालून पाहिली. तळाचं भोक मेणानं लिंपलेलं होतं, अगदी सफाईनं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी कामाच्या मेजाकडे पाहिलं. तिथं उघड्या घड्याळाची खसखशीएवढी चाकं मांडलेली होती.

"मेजावर थेंब गळायचे गं. चाकांना गंज धरतो."

"आणि पाणी रोज?"

"घड्याळांना किल्ली देतो ना रोज, त्याच फेरीत." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "म्हटलं, कळी लवकर उघडेल."

सुनेच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच राहिलं. तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी हलकेच उपडी केली. आंबूस वास आला. मुळं काळी पडली होती. चिमटीत धरली की साल सुटून यायची. ती कात्री आणायला उठली, तसे घड्याळजी म्हणाले, "थांब." त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि एकेक कुजलेलं मूळ वेचून काढायला लागले. पांढरं, टणक लागलं की हात आपोआप थांबायचा. न्हाऊ घालताना तान्ह्या बाळाची मान धरतात, तसं सुनेनं झाड धरून ठेवलं होतं.

काम संपलं तेव्हा मूठभर मुळं उरली होती.

"जगेल?"

"जगेल. पण एवढ्याशा मुळांवर कळी नाही पोसायची, बाबा. ती कापावी लागेल."

पडलेल्या पानांमधून कळी तेवढी ताठ उभी होती. घट्ट गुंडाळलेली, हिरवी, कडेला पांढरी रेघ. ती रेघ घड्याळजी रोज सकाळी भिंगातून बघत होते.

"चार दिवसांत उघडली असती."

"उघडेलही. राहू दे म्हणालात तर राहू देऊ. आईंना न्यायला जाता येईल तुम्हाला. पण झाड मग..." ती नव्या मातीतले खडे निवडायला लागली.

घड्याळजींनी भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं, परत लावलं. मग कात्री घेऊन देठ अगदी बुडाशी कापला.

फोन त्यांनी स्वतःच लावला.

"अगं, कळी कापली."

"कोणी?"

"मी."

"रोज पाणी घातलंत ना?"

"कधीकधी दोनदा."

फोनमधून येणारं हसू सुनेलाही ऐकू गेलं. "अहो, जन्मभर लोकांच्या वेळा लावून दिल्यात, आणि स्वतःला वाट बघता येत नाही! कुंडीचं भोक तरी उघडं ठेवलं होतंत का?"

घड्याळजींनी सुनेकडे पाहिलं. सून छताकडे बघत होती.

"आता उघडं आहे."

"झाड आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. आता नवं पान फुटलं की या. माझाही गुडघा अजून आपला जिना चढण्याएवढा झालेला नाही, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला वचन द्या. बोट घालून बघायचं. माती कोरडी लागल्याशिवाय थेंब नाही."

"दिलं."

"देवाशपथ?"

"त्याला कशाला मध्ये घेतेस? मी देतोय ना."

संध्याकाळपर्यंत झाड नव्या कुंडीत, मेजापासून लांब, कोपऱ्यात गेलं. तिथं ऊन यायचं नाही, पण दिवसा वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड असायचा. कापलेली कळी औषधाच्या रिकाम्या बाटलीत घड्याळांशेजारी उभी राहिली. पानं अजून तशीच पडलेली होती.

किल्लीची वेळ झाली. घड्याळजींनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळापासून फेरी सुरू केली, कपाटावरचं, खिडकीतलं, दुरुस्तीला आलेली दोन. फेरी संपली आणि सवयीनं ते स्वयंपाकघरातून पाण्यानं भरलेला पेला घेऊन आले.

कुंडीपाशी थांबले. मातीत बोट घातलं. माती ओली होती.

त्यांनी स्टूल ओढलं, झाडाशेजारी बसले, आणि पेल्यातलं पाणी घोट घोट करत स्वतःच पिऊन टाकलं.