नऊ दिवसांचा प्रवेश

जिमच्या तपासणी-यंत्राने बिडवईकाकांचं वजन, रक्तदाब आणि चिकाटी मोजली. पडद्यावर उमटलं: नऊ दिवस येतील, मग सोडतील.

"यंत्र सांगेल तेवढ्याच दिवसांचा प्रवेश मिळतो, काका," ट्रेनर रेवती म्हणाली. "आजवर ते चुकलेलं नाही."

"अहो मॅडम, सहा महिने व्यायाम केला नाही तर डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत!"

रेवतीने जरा विचार केला. "मग दहाव्या दिवशी नवीन म्हणून या. नव्या माणसाला तपासायचं, असा नियमच आहे."

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. त्याच संध्याकाळी काकांची एकविसावी तपासणी झाली. यंत्राने ठामपणे नऊच दिवस सांगितले. काकांनी आदराने मान डोलावली आणि बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या.