एकच नाव

"पक्षाच्या तालुका कचेरीला एकच नाव पाहिजे," गफूरचाचा बोलले. "दोन नावं गेली तर तिकीट तिसऱ्याच गावाला जाईल. म्हणून आज ठरवायचं."

कुवेत शहरातल्या बनेद अल-गार वस्तीतल्या त्या खोलीत एकाच गावचे सातजण राहत. शुक्रवार होता, नमाज आणि जेवण उरकलेलं. गावात पहिल्यांदाच जिल्हा परिषदेची निवडणूक होणार होती आणि पक्षाच्या तिकिटावरून गावाची दोन शकलं झाली होती. अर्धे नूरुद्दीनच्या बाजूला, अर्धे यूनुस मास्तरांच्या. शेवटी जमातीने निरोप धाडला होता, की कुवेतची माणसं सांगतील तेच नाव पाठवू. गावातल्या निम्म्या चुली याच माणसांच्या कमाईवर पेटत. अहमद रविवारच्या आगबोटीने घरी निघाला होता. नाव तोच घेऊन जाणार होता.

"नूरुद्दीनच पाहिजे," गफूरचाचा बोलले. "मामलेदार त्याला उठून खुर्ची देतो. मास्तर सभेत उभा राहिला की टोपी हातात घेऊन गप्प. असल्या माणसाला साहेब लोक दारात उभं करतील काय?"

"मास्तर गप्प असतो, पण कुणाचं काम अडवत नाही," कमाल बोलला. "माझ्या बापाच्या जमिनीचे कागद नूरुद्दीनने दोन वर्षं फिरवले. का, तर आम्ही वरच्या मोहल्ल्यातले."

"तुझ्या बापाचं रडगाणं इथे नको."

"मग कुठे गाऊ, चाचा?"

आवाज चढले. अहमदने दोन्ही बाजूंना खाली बसवलं आणि एकेकाला विचारत गेला. तिघे नूरुद्दीनचे झाले. तिघे मास्तरांचे, त्यांत अहमद स्वतः. राहिला झहूर. तो भिंतीला टेकून बसला होता.

"त्याला काय विचारतोस?" गफूरचाचा हसले. "सख्खा भाऊ आहे नूरुद्दीनचा. झालं, ठरलं."

"मास्तर," झहूर बोलला.

गफूरचाचांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"माझं मत मास्तरला." झहूर मान खाली घालून बोलत होता. "खाडीच्या धक्क्यासाठी सरकारी सिमेंट आलं होतं ना, ते कमी पडलं म्हणून काम थांबलं. कमी पडलं नव्हतं. आमच्या घराची ओटी त्याच सिमेंटची आहे."

त्या धक्क्यावाचून प्रत्येकाच्या घरची बाई ओहोटीला गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत जात होती. तरीही गफूरचाचा बोलले ते वेगळंच.

"भाऊ आहे तो तुझा. बापाच्या मागे त्याने तुला वाढवलं. घरातली गोष्ट तू चव्हाट्यावर आणलीस."

"तुम्ही विचारलंत, चाचा."

झहूरने कमालकडे पाहिलं. कमालची बाजू जिंकली होती. पण तोही उठून उगाच पाण्याच्या मडक्याकडे गेला.

रविवारी सगळे बंदरावर गेले. ज्याने त्याने आपल्या घरचा निरोप सांगितला. झहूरची पाळी आली तेव्हा अहमद त्याला जरा बाजूला घेऊन गेला.

"मी नाव सांगेन. कुणी कुणाला मत दिलं ते सांगायची गरज नाही."

"नूरुद्दीनला सांग," झहूर बोलला. "दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

"आणि असमाभाभीला?" अहमदने झहूरच्या बायकोसाठी निरोप विचारला.

"बरा आहे म्हणून सांग."

त्यानंतर खोलीत भांडण असं झालं नाही. जेवायला हाक मारत, सालन वाढत, पंख्याखालची जागाही देत. फक्त झहूर कामावरून आला की चाललेलं बोलणं थांबायचं. कुणाचा व्हिसा संपला होता, कुणी मुंबईच्या बंदरातून घड्याळं लपवून नेणार होता, असल्या गोष्टी आता त्याच्या कानावर पडत नसत. एकदा दाराबाहेर चपला काढताना त्याने कमालचा आवाज ऐकला. "भावाचं सांगितलं, उद्या आपलंही सांगेल." झहूर चपला पुन्हा घालून समुद्रापर्यंत चालत गेला. तिथे एक अरबी गलबत पकडलेली मासळी उतरवत होतं. त्यावरची माणसं आपसात अरबीत बोलत हसत होती. तो काळोख पडेपर्यंत तिथेच बसला.

घरचं पत्र आलं नाही. पुढच्या महिन्यातही आलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा अहमद परतला. मास्तरांना तिकीट मिळालं होतं. नूरुद्दीन त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभा राहिला आणि पडला. धक्क्याचं काम पावसानंतर पुन्हा सुरू झालं होतं. बोलता बोलता अहमद ट्रंक उघडून एकेकाच्या घरची पुडकी बाहेर काढत होता. गफूरचाचांना सुकी कोळंबी, कमालला आईने दिलेलं लोणचं. ज्याचं त्याचं पुडकं घेऊन जो तो आपल्या खाटेवर गेला.

ट्रंक रिकामी झाली. झहूर अजून उभाच होता.

"तुझ्या घरी गेलो होतो," अहमद बोलला आणि थांबला. मग त्याने आपल्या खाटेखालची थैली ओढली, तिच्यातून फणसाच्या पापडांची चवड काढली आणि झहूरच्या हातात दिली. "हे तुझ्यासाठी. वेगळे ठेवले होते. भाभीने दिले."

झहूरने स्टोव्ह पेटवून एक पापड भाजला. असमा पापडात जिरं घालायची, आणि तिखट जरा जास्तच. हे नुसत्या मिठाचे होते.

अहमद त्याच्याकडे बघत होता.

"तिच्याच हातचे," झहूर बोलला, आणि त्याने दुसरा भाजायला घेतला.